सायकॉलॉजीच्या जर्नलला पेपर पाठवायचाय? गोव्यातल्या आमच्या पोरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी चवथीची सुट्टी संपली की माझ्या फोनवर तोच मेसेज येतो, "मॅडम, एक पेपर टाकायचा होता, जरा सांगाल?" आणि मग मी जेवणं आटपून रात्री अकरापर्यंत टाइप करत बसते. मी गोव्यात एका कॉलेजात सायकॉलॉजी शिकवते, माझे काही पेपर छापून आलेत आणि त्याहून जास्त परत आलेत, त्यामुळे परत का येतात हे मला जास्त नीट माहितीय. म्हणून हे एकदाच सगळं लिहून ठेवलंय. पुढच्या वेळी मेसेज आला की मी हेच पाठवणार, राग मानू नका.

थिसिस झालाय, व्हायवा पण झाला. त्यातून पेपर काढायला कुठून सुरुवात करू?

थिसिसची फाइल बंद करून. खरंच सांगते. फाइल उघडी ठेवली की माणूस कापाकापी करायला लागतो, २०० पानांची १०० करतो, १०० ची ५०, आणि शेवटी हातात जे उरतं तो पेपर नसतो, बारीक झालेला थिसिस असतो, आणि एडिटरला ते पहिल्या पानावर कळतं. त्याऐवजी कोरा कागद घ्या आणि दोन वाक्यं लिहा: आम्हाला नेमकं काय बघायचं होतं, आणि काय दिसलं. म्हापशाहून कदंबात बसलात तर पणजी यायच्या आत शेजारच्या माणसाला समजलं पाहिजे एवढं सोपं. ते जमत नसेल तर अजून पेपर झालेला नाही, डेटा झालाय फक्त.

मग आधी मेथड लिहा, कारण तिथं विचार करायला लागत नाही, जे केलं तेच सांगायचं असतं. मग रिझल्ट. मग डिस्कशन. इंट्रोडक्शन त्याच्यानंतर, आणि ॲबस्ट्रॅक्ट सगळ्यात शेवटी. थिसिसमधलं चाळीस पानांचं रिव्ह्यू ऑफ लिटरेचर (अमक्याने असं म्हटलं, तमक्याने तसं म्हटलं) तिथंच राहू दे. इंट्रोडक्शनचं काम एकच, तुमचा प्रश्न अजून सुटलेला का नाही ते पटवणं.

आणि उलटी चूक पण करू नका, एकाच १५० पोरांच्या डेटाचे पाच तुकडे करून पाच पेपर. एकाच डेटावर दुसरा पेपर असेल तर पहिल्याचा उल्लेख करायचाच.

जर्नल कसं शोधायचं? गूगलवर टाकलं तर हजार येतात.

गूगलवर टाकूच नका. तुमच्या स्वतःच्या रेफरन्स लिस्टमध्ये बघा, कुठल्या जर्नलचं नाव तीन-चार वेळा आलंय? ते जर्नल तुमच्या विषयाचं बोलणं करतं म्हणजे. मग त्याचं एम्स अँड स्कोप वाचा आणि मागच्या दोन वर्षांचे अंक चाळा, नुसती शीर्षकं वाचली तरी अंदाज येतो.

आपल्याकडचं सांगायचं तर जनरल सायकॉलॉजीसाठी नॅशनल अकॅडमी ऑफ सायकॉलॉजीचं 'सायकॉलॉजिकल स्टडीज' आहे, स्प्रिंगर काढतं. क्लिनिकलकडे झुकणारं असेल तर इंडियन सायकियाट्रिक सोसायटीच्या साउथ झोनल ब्रँचचं 'इंडियन जर्नल ऑफ सायकॉलॉजिकल मेडिसिन'. पण क्लिनिकल जर्नलला कॉलेजच्या पोरांच्या सेल्फ-एस्टीमचा पेपर पाठवला तर चार दिवसांत परत येणार, आणि त्यात अपमान वाटून घ्यायचं काही नाही, मासे घ्यायला भाजीच्या दुकानात गेल्यासारखं आहे ते.

जुने पेपर वाचायला मिळत नाहीत ही तक्रार आता थोडी कमी झालीय. १ जानेवारी २०२५ पासून केंद्राची 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना सुरू झालीय, ३० प्रकाशकांची जवळजवळ १३,००० जर्नल्स सरकारी संस्थांना मिळतात. तुमचं कॉलेज त्यात येतं का ते लायब्ररीत जाऊन विचारा. लायब्रेरियनला असे प्रश्न आवडतात, कोणी विचारत नाही म्हणून ते बिचारे गप्प असतात.

यूजीसी केअर लिस्टमध्ये असलेलंच पाहिजे ना?

ती, म्हणजे यूजीसीने मान्य केलेल्या जर्नलांची, लिस्ट आता नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने नोटीस काढून ती बंद केली आणि जर्नल कसं पारखावं याच्या काही कसोट्या दिल्या, बाकी ठरवायचं संस्थेनं. तरी अजून लोक "केअर लिस्टेड" असा शिक्का मारून जर्नल विकतायत, त्याला भुलू नका. आणि पीएचडीसाठी सबमिशनच्या आधी पेपर हवाच ही सक्ती यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत काढून टाकलीय, पण युनिव्हर्सिटी स्वतःचे नियम लावू शकते, त्यामुळे ताळगाव पठारावर गोवा युनिव्हर्सिटीच्या ऑफिसात जाऊन विचारून घ्या, व्हॉट्सॲप ग्रुपवर नको.

एका जर्नलचा मेल आला, तीन दिवसांत ॲक्सेप्टन्स, फी फक्त अडीच हजार. टाकू का?

नको ना बाबा. चांगलं जर्नल तुमच्या मागे लागत नाही, तुम्हाला त्याच्या मागे लागावं लागतं. दोन-तीन तज्ज्ञांनी (त्यांनाच रिव्ह्यूअर म्हणतात) वाचून मत द्यायचं असतं, तीन दिवसांत कोणी वाचणार कधी. मी एकदा एका विद्यार्थ्याच्या आग्रहापोटी असल्या एका ठिकाणी मान डोलावली होती, नाव लिहीत नाही. वेबसाइट गेली, त्याचे पैसे गेले, आणि पेपर कुठंच नाही. दुसरीकडे पाठवावा तर "आधी छापलेला आहे का" या रकान्यात काय भरायचं हेच कळेना.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या, पैसे घेतात म्हणजे फसवतात असं नाही. बरीच ओपन ॲक्सेस जर्नल लेखकाकडून फी घेतात आणि वाचकाला पेपर फुकट मिळतो, जुन्या पद्धतीच्या सबस्क्रिप्शनवाल्या जर्नलात बहुतेक वेळा लेखकाला काहीच द्यावं लागत नाही. बघायचं हे की एडिटोरियल बोर्डावरच्या माणसांच्या स्वतःच्या संस्थेच्या पानावर त्या जर्नलचं नाव आहे का, स्कोपस किंवा डीओएजे या जर्नलांच्या याद्यांच्या साइटवर जाऊन तिथून जर्नल सापडतं का (जर्नलच्या पानावरचा लोगो बघून नाही, लोगो कोणीही चिकटवतं). खऱ्या जर्नलची हुबेहूब नकली साइट बनवणारे पण आहेत, त्यामुळे आयएसएसएन नंबर (जर्नलचा ओळख क्रमांक) जुळवून बघा.

एथिक्सची परमिशन डेटा गोळा केल्यावर घेतली तर चालते का?

नाही. मागच्या तारखेनं कोणतीही बरी कमिटी परवानगी देत नाही, आणि परवानगीचा नंबर नसेल तर बहुतेक जर्नल पोर्टलवरच अडकवतात. कॉलेजात कमिटी नसेल तर युनिव्हर्सिटीच्या किंवा दुसऱ्या संस्थेच्या कमिटीकडे जा, वेळ लागतो, पण डेटाच्या आधी.

इथं आमच्याकडे दोन ठिकाणी हमखास पाय अडकतो. पहिलं वयाचं. एफवायच्या वर्गात बरीच पोरं १७ ची असतात, म्हणजे नुसती त्यांची सही चालत नाही, आईवडिलांची संमती लागते. आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं बघा, १२ ते १८ वयाच्या मुलाची स्वतःची लेखी तयारी आणि पालकांची संमती, दोन्ही. दुसरं, तुमच्याच वर्गातली पोरं. तुम्ही त्यांचे इंटर्नलचे मार्क देणार आणि तुम्हीच फॉर्म भरायला सांगणार, मग नाही कोण म्हणेल? कोणीतरी दुसऱ्याने फॉर्म द्यावा, नावं नसावीत, आणि हे सगळं पेपरमध्ये लिहावं.

डिप्रेशनची पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली वापरत असाल तर नववा प्रश्न जीव द्यावासा वाटण्याबद्दल आहे. त्याला कोणी "जवळजवळ रोज" असं उत्तर दिलं तर तुम्ही काय करणार होतात? हा प्रश्न रिव्ह्यूअर विचारणारच, आणि खरं म्हणजे त्याने विचारायच्या आधी तुम्ही स्वतःला विचारायला हवा. निनावी गूगल फॉर्मवर तर तुम्ही त्या पोरापर्यंत पोचूही शकत नाही. म्हणून निदान फॉर्मच्या शेवटी टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आणि बांबोळीच्या आयपीएचबीची (मानसोपचाराचं सरकारी हॉस्पिटल) माहिती द्या, आणि तशी दिली होती असं मेथडमध्ये लिहा.

प्रश्नावली इंग्लिशमधली आहे, आम्ही मराठीत केली. भाषांतराबद्दल किती लिहायचं?

जेवढं तुम्ही लिहिताय त्याच्या तिप्पट. गोव्यातल्या पेपरमध्ये सगळ्यात कच्चा भाग हाच असतो आणि खरं म्हणजे आपली सगळ्यात मोठी ताकदही हीच आहे.

सत्तरीत एका घरी आम्ही फॉर्म भरून घेत होतो. वाक्य होतं, "गोष्टी करण्यात रस किंवा आनंद न वाटणे". मावशी साठीच्या, चुलीपाशी बसलेल्या, मराठी पेपर रोज वाचणाऱ्या. माझी विद्यार्थिनी वाक्य वाचते आणि मावशी विचारतात, "रस? कसला, उसाचा?" आम्ही हसलो, त्याही हसल्या, मग तिनं साध्या शब्दांत सांगितल्यावर म्हणाल्या, "अगो तशें सांग मगे, मन खंयच लागना" (म्हणजे मन कुठंच लागत नाही). झालं, आमच्या आठ महिन्यांच्या कामाचं वाक्य त्यांनी एका दमात करून दिलं.

आता बघा, ही बाई वाचते मराठी, देवळातली आरती मराठी, पण मनातलं सांगते कोंकणीत. सासष्टीत गेलात तर तीच कोंकणी पण वाचायची रोमीत, म्हणजे रोमन लिपीत. म्हणजे "मराठी भाषांतर वापरलं" एवढ्या एका ओळीत काहीच कळत नाही. भाषांतर कोणी केलं, उलट भाषांतर, म्हणजे मराठीतून परत इंग्लिशमध्ये, कोणी केलं (ब्रिस्लिनने १९७० मध्ये मांडलेली ही पद्धत अजून वापरतात), किती लोकांवर आधी चाचणी घेतली, कुठले शब्द बदलले, फॉर्म लोकांनी स्वतः भरला की वाचून दाखवला, वाचून दाखवताना कुठली भाषा बोललात, हे सगळं लिहा. वाचून दाखवताना शब्द बदलले असतील तर तेही. लपवलं तर रिव्ह्यूअरला संशय येतो, लिहिलं तर त्याला पेपर आवडायला लागतो.

परवानगीचं पण बघा. पीएचक्यू-९ आणि चिंतेची जीएडी-७ वापरायला परवानगी लागत नाही, पण बेकची डिप्रेशन इन्व्हेंटरी पिअर्सनच्या मालकीची आहे, झेरॉक्स काढून वापरली असेल तर पेपरमध्ये तुम्ही स्वतःच गुन्हा कबूल करताय.

सॅम्पल १२० चं आहे, गूगल फॉर्मवर घेतलेलं. चालेल?

१२० हा आकडा वाईटही नाही आणि चांगलाही नाही, प्रश्न काय आहे त्यावर आहे. दोन ग्रुपची तुलना करायची आणि मध्यम फरक (कोहेनचा डी ०.५) पकडायचा तर ८० टक्के पॉवरसाठी (फरक खरंच असेल तर तो सापडायची शक्यता) एका ग्रुपमध्ये ६४ माणसं लागतात, म्हणजे १२८. जीपॉवर नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात हे पाच मिनिटांत निघतं. पण हे डेटा घ्यायच्या आधी करायचं असतं. आधी केलं नसेल तर केल्यासारखं दाखवू नका, "आधी हिशोब केला नव्हता, ज्या महिन्यात घेतलं त्यात एवढे मिळाले" असं सरळ लिहा.

गूगल फॉर्म व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड होत होत कुठं गेला ते देवाला माहीत, त्यामुळे रिस्पॉन्स रेट सांगता येत नाही, हे कबूल करा. "गोव्यातले युवक" असं लिहू नका, "पणजी आणि म्हापशाच्या दोन कॉलेजांतले, ज्यांच्या फोनवर फॉर्म पोचला ते" असं लिहा. किती जणांनी अर्धवट सोडला, किती काढून टाकले आणि का, हे आकडे जुळले पाहिजेत. ॲबस्ट्रॅक्टमध्ये १२०, टेबलमध्ये ११७, डिस्कशनमध्ये परत १२०, असे पेपर मी स्वतः तपासलेत, एक तर माझाच होता.

एसपीएसएसचं आउटपुट पेस्ट करू का?

अजिबात नको. एसपीएसएस हे आकडेमोडीचं सॉफ्टवेअर, त्यातलं टेबल तुमच्यासाठी असतं, वाचकासाठी नाही. स्वतः टेबल बनवा, उभ्या रेषा नकोत, दोन दशांश पुरे.

आणि पी व्हॅल्यू ".०००" कधीही लिहू नका, शून्य नसतं ते, सॉफ्टवेअरने पुढचे आकडे दाखवले नाहीत इतकंच, ".००१ पेक्षा कमी" असं लिहायचं. बाकी वेळी पी नेमका द्या, आणि पी व कोरिलेशनसारख्या, एकच्या पुढे न जाणाऱ्या आकड्यांत एपीए (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या) पद्धतीत पॉइंटच्या आधी शून्य लावत नाहीत. नुसता पी पुरत नाही, फरक किती मोठा ते सांगणारा इफेक्ट साइझ आणि कॉन्फिडन्स इंटर्व्हल द्या. क्रोनबाख अल्फा (प्रश्नावलीतले प्रश्न एकमेकांशी किती जुळतात त्याचा आकडा) मूळ लेखकाचा नाही, तुमच्या सॅम्पलचा.

एसपीएसएसचं लायसन्स नसेल तर पेनड्राइव्हवरचं चोरीचं वापरू नका, जामोवी आणि जॅस्प दोन्ही फुकट आहेत आणि माझ्या मते नवशिक्याला जास्त बरे.

आमचं काहीच सिग्निफिकंट आलं नाही. संपलं ना सगळं?

काही संपलं नाही. २०१५ साली 'सायन्स'मध्ये एक मोठा पेपर आला, बऱ्याच संशोधकांनी मिळून सायकॉलॉजीचे १०० जुने अभ्यास परत करून बघितले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्के सिग्निफिकंट होते, परत केल्यावर ३६ टक्केच निघाले. तेव्हापासून चांगले एडिटर "सगळं छान जुळून आलं" म्हटलं की उलट जास्त बारकाईनं बघतात. नको तो उद्योग म्हणजे रिझल्ट बघून मग हायपोथिसिस बदलायचं आणि पहिल्यापासून हेच शोधत होतो असं भासवायचं. पुढच्या वेळी डेटाच्या आधी ओएसएफ या वेबसाइटवर प्री-रजिस्ट्रेशन करा, म्हणजे काय शोधणार ते आधीच नोंदवून ठेवा, फुकट आहे. काही जर्नल रजिस्टर्ड रिपोर्ट घेतात, म्हणजे डेटाच्या आधीच प्रश्न आणि पद्धत तपासून तत्त्वतः स्वीकारतात, मग रिझल्ट काहीही येऊ दे.

टायटल आणि ॲबस्ट्रॅक्ट?

"इम्पॅक्ट ऑफ सोशल मीडिया ऑन सेल्फ-एस्टीम" असं टायटल, आणि आत एकदाच भरलेला फॉर्म आणि एक कोरिलेशन. इम्पॅक्ट कुठं बघितलात तुम्ही? आधी इन्स्टा की आधी कमी आत्मविश्वास, हे त्या डेटातून कळतच नाही. "संबंध" म्हणा. हा एक शब्द बदलला तरी अर्धा राग कमी होतो रिव्ह्यूअरचा. ॲबस्ट्रॅक्ट बहुतेक ठिकाणी २५० शब्दांपर्यंत, त्यात आकडे हवेत, "निष्कर्षांची चर्चा केली आहे" हे वाक्य म्हणजे वाया घालवलेली जागा.

एपीए फॉरमॅट म्हणजे नेमकं काय काय?

सातवी आवृत्ती, २०१९ च्या शेवटी आलेली. सीनिअरने दिलेली जुनी फाइल सहाव्या आवृत्तीची असते, तिथंच घोळ होतो. डबल स्पेसिंग, चारी बाजूंना एक इंच, टाइम्स न्यू रोमन १२ किंवा कॅलिब्री ११ वगैरे. तीन किंवा जास्त लेखक असले की मजकुरात पहिल्यांदाच "एट ऑल" लावायचं, मागे रेफरन्समध्ये मात्र २० पर्यंत सगळ्यांची नावं. डीओआय (पेपरचा कायमचा ओळख क्रमांक) पूर्ण लिंक म्हणून. रेफरन्स सांभाळणारं झोटेरो सॉफ्टवेअर वापरा, हातानं करत बसू नका, पण त्यावरही डोळे झाकून विश्वास नको. शेवटी एकदा कागदावर प्रिंट काढून मजकुरातलं प्रत्येक नाव मागे आहे का आणि मागचं पुढे आहे का, पेन्सिलीनं टिक करा. जर्नलचे स्वतःचे नियम एपीएपेक्षा वेगळे असतील तर जर्नलचं ऐकायचं.

फॉरमॅटपेक्षा महत्त्वाचं म्हणजे एपीएची जार्स नावाची यादी आहे, रिपोर्टमध्ये काय काय सांगितलंच पाहिजे त्याची. मुलाखतींवर आधारलेल्या, क्वालिटेटिव्ह अभ्यासासाठी वेगळी आहे, २०१८ मध्ये आलेली. पाठवायच्या आधी ती समोर ठेवून एक संध्याकाळ घालवा.

गोव्यातला छोटा अभ्यास बाहेरच्या जर्नलला का हवा असेल?

हा प्रश्न मला थोडा टोचतो. पणजीत जुन्या सचिवालयाच्या शेजारी आबे फारियाचा पुतळा आहे, समोरच्या बाईवर हात पसरलेला, त्याच्यासमोर सेल्फी काढतात लोक. कांदोळीत जन्मलेल्या त्या माणसानं पॅरिसमध्ये सांगितलं होतं की संमोहन घडतं ते समोरच्याच्या मनातून, करणाऱ्याच्या कुठल्या शक्तीतून नाही. बरं ते जुनं झालं म्हणाल, तर २०१७ मध्ये 'लॅन्सेट'ला आलेली डिप्रेशनवरची ट्रायल घ्या, गोव्यातली १० प्राथमिक आरोग्य केंद्रं, ४९५ पेशंट, 'संगाथ' संस्थेचं काम. आणि समुपदेशन करणारे मानसोपचारतज्ज्ञ नव्हते, ट्रेनिंग दिलेली साधी माणसं होती. डॉक्टर कमी आहेत तिथं काय करायचं, हा प्रश्न गोव्याबाहेर पण आहे ना, म्हणून तो छापला.

म्हणजे गोव्याचं वर्णन समुद्रकिनाऱ्यांवरून सुरू करू नका, टुरिझमचं पत्रक नाही ते. तुमच्या प्रश्नाला गोव्याचं जे लागतं तेवढंच: भाषा, घरातलं कोणीतरी परदेशात किंवा बोटीवर असणं, खाणी बंद पडलेलं गाव, जे काय असेल ते.

उलट बाजूनं सावध राहा. २०११ च्या जनगणनेत आपण सगळे मिळून साडेचौदा लाख. "पेडणे तालुक्यातली ४३ वर्षांची माजी सरपंच" असं मुलाखतीत लिहिलंत तर नाव लिहायची गरजच नाही, अख्ख्या तालुक्याला कळलं. तालुका काढा, वय "चाळिशीतली" करा, पद काढा.

गाइडचं नाव पहिलं की माझं? आणि एचओडींचं पण घालायला सांगतायत.

जर्नल बहुतेक ठिकाणी एकच विचारतात: कामात खरा वाटा, लिहिण्यात किंवा सुधारण्यात वाटा, शेवटच्या प्रतीला मान्यता, आणि उद्या काही चुकलं तर उत्तर द्यायची तयारी. चारही असतील तर लेखक. खोली दिली, सही दिली, हे आभारात जातं. हे एचओडींना कसं सांगायचं ते मी सांगू शकत नाही, मलाही एकदा जमलं नव्हतं. पण काम सुरू व्हायच्या आधी नावांचा क्रम ठरवून मेलवर लिहून ठेवला तर नंतर तोंड वाकडी होत नाहीत.

आणि ओर्किड काढा, संशोधकाचा स्वतःचा ओळख नंबर, १६ अंकी, फुकट. आपल्याकडे नाईक आणि गावकर किती ते बघा, आणि लग्नानंतर आडनावच काय, काही घरांत पहिलं नाव पण बदलतात. माझ्या एका मैत्रिणीचे लग्नाआधीचे दोन पेपर आता कोणा वेगळ्याच बाईचे वाटतात. नंबर बदलत नाही.

सिमिलॅरिटी १८ टक्के आली. आणि चॅटजीपीटी वापरलं तर?

यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंत कारवाई नाही, त्यापुढे पायऱ्या आहेत. पण आकड्यापेक्षा कुठं जुळतंय ते बघा. तुमचा थिसिस शोधगंगेवर (थिसिसच्या ऑनलाइन संग्रहात) असेल तर तुमचाच मजकूर तुमच्याशी जुळणार, ते कव्हर लेटरमध्ये आधीच सांगा. मेथडमधली वाक्यं थोडी जुळतातच. इंट्रोडक्शनचा अख्खा परिच्छेद जुळत असेल तर मात्र बसा आणि स्वतःच्या शब्दांत लिहा.

एआय लेखक होऊ शकत नाही, ही कोपची (प्रकाशनातल्या एथिक्सची समिती) २०२३ पासूनची भूमिका, आणि वापरलं तर कशासाठी ते सांगायचं. इंग्लिश नीट करायला वापरलंत तर मला काही वाटत नाही. रेफरन्स मागू नका त्याच्याकडे, नसलेले पेपर इतके झोकात देतं की खऱ्या लेखकालाही वाटेल आपणच लिहिलाय.

पोर्टलवर अपलोड करताना काय चुकतं?

नाव लपवायचं राहतं. रिव्ह्यू मास्क्ड असेल, म्हणजे रिव्ह्यूअरला लेखक कोण ते कळू द्यायचं नसेल, तर टायटल पेज वेगळं, आभार वेगळे, आणि "आमच्या आधीच्या अभ्यासात" असं लिहून स्वतःचं नाव द्यायचं नाही. वर्ड फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये तुमचं नाव असतं तेही पुसा. एथिक्स कमिटीचं नाव मजकुरात आलं की कॉलेज कळतं, तिथं तात्पुरतं झाका.

कव्हर लेटर अर्ध्या पानाचं. "रिस्पेक्टेड सर, विथ ड्यू रिस्पेक्ट" नको, रजेचा अर्ज नाही तो. पेपरचं नाव, एका वाक्यात काय सापडलं, याच जर्नलला का, दुसरीकडे दिलेला नाही, सगळ्या लेखकांची संमती आहे, बस. रिव्ह्यूअर सुचवा म्हणाले तर गाइडचे मित्र नकोत, आणि खोटा ईमेल तर बिलकूल नको. २०१५ मध्ये स्प्रिंगरने असल्या बनावट रिव्ह्यूंमुळे ६४ पेपर मागे घेतले होते.

एकाच वेळी दोन जर्नलला पाठवू का, वेळ वाचेल?

नाही.

तीन महिने झाले, "अंडर रिव्ह्यू"च दाखवतंय.

दाखवू दे. एडिटर लोकांना विनंती करतो, लोक नाही म्हणतात, परत दुसऱ्यांना विचारतो, असं चालतं, आणि रिव्ह्यूअरला यातून एक रुपया मिळत नाही. तीन-चार महिन्यांनी दोन ओळींचा नम्र मेल टाकायला हरकत नाही. दर सोमवारी टाकायला आहे.

रिव्ह्यूअरने अठरा मुद्दे काढलेत, त्यातले चार तर चुकीचे आहेत. काय करू?

पहिल्या दिवशी काही करू नका. चहा प्या. "मेजर रिव्हिजन" म्हणजे चांगली बातमी आहे हे लक्षात घ्या, नको असता तर सरळ परत पाठवला असता. दुसऱ्या दिवशी एक फाइल उघडून प्रत्येक मुद्दा जसाच्या तसा कॉपी करा, खाली उत्तर, आणि पान-ओळ नंबर देऊन कुठं बदललं ते. एकही मुद्दा गाळायचा नाही, स्पेलिंगचा सुद्धा. चुकीचा वाटतो तिथं आदरानं, कारण देऊन नाही म्हणायचं, ते चालतं. पण आधी विचार करा, त्याला चुकीचं का वाटलं? माझ्या अनुभवात अशा चारपैकी तीन वेळा मीच नीट लिहिलेलं नसतं.

रिजेक्ट झाला.

होतो. कारणं वाचा, जी पटतील ती दुरुस्त करा, मग दुसरीकडे पाठवा. न बदलता पाठवलात तर आपलं क्षेत्र लहान आहे, तोच रिव्ह्यूअर दुसऱ्या जर्नलकडून परत येतो आणि त्याला सगळं आठवत असतं. कव्हर लेटरमध्ये जुन्या एडिटरचं नाव राहिलं नाही ना ते बघा. हो, माझं राहिलं होतं.

ॲक्सेप्ट झाला! आता काही करायचं नाही ना?

प्रूफ येतं, साधारण दोन दिवसांत तपासून द्यायचं असतं, आणि यात चुकलं की कायमचं. नावांची स्पेलिंगं, टेबलातले आकडे, संस्थेचं नाव. आणि गावांची नावं आधीच ठरवून एकाच पद्धतीनं लिहा, एकतर पोर्तुगीज वळणाची नाहीतर आपली. आम्ही एका पानावर बिचोलिम लिहिलं होतं आणि दुसऱ्यावर डिचोली, तर कॉपीएडिटरने समासात विचारलं की ही दोन वेगळी गावं आहेत का, आणि असतील तर टेबल दोनमध्ये एकच का दिसतंय. जुलै महिना, धो धो पाऊस, ४८ तासांची मुदत, त्यातले आठ तास घरात लाईट नव्हती.